जांघेतलं जुनं दुखणं आणि दुर्बिणीचं ऑपरेशन: खेळणाऱ्याने कसं ठरवायचं आणि परत मैदानात कसं यायचं

खोकला येतोय असं वाटलं की माझा उजवा हात आपोआप जांघेवर जायचा आणि दाबून धरायचा. रात्री कूस बदलायची तर दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवून ओंडका फिरवावा तसं अख्खं अंग फिरवायचो, बाईकला किक मारायला धाकट्या भावाला खाली बोलवायचो. सरळ चाललो तर काही नाही, हळू पळालो तरी फार नाही, पण कबड्डीत चढाईला गेलो आणि बोनससाठी पाय लांब टाकला की जांघेत आतून कोणीतरी चिमटा काढल्यासारखं व्हायचं आणि पुढचे दोन दिवस ते ठसठसत राहायचं. असं १४ महिने चाललं. या १४ महिन्यांत बाम झाला, मालीश झालं, गरम पाण्याची पिशवी झाली, एकाने सांगितलं चमक भरलीय, एका ठिकाणी सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून मनातनं काढून टाक म्हणाले, आणि एका ठिकाणी तर पाच मिनिटांत हर्निया आहे, परवा ऑपरेशन करून टाकू असं सांगितलं. शेवटी दुर्बिणीचं ऑपरेशन झालंच, आणि त्याने मी बरा झालो, पण मधल्या काळात जे करायला हवं होतं ते कोणी सांगितलंच नाही.

आता मी स्वतः पोरांना शिकवतो. सकाळी नाशिकला गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर किंवा गंगापूर रोडच्या बाजूला बघा, भरतीची तयारी करणारी पोरं, फुटबॉलवाले, कबड्डी-खोखोवाले सगळे असतात, आणि दर सीझनला दोन-तीन जण तरी जांघ धरून कडेला बसलेले दिसतात. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटरचे २० मार्क असतात, त्यामुळे कोणी थांबायला तयार नसतं. पेठ-सुरगाण्याकडून आलेली पोरं तर घरी सांगतही नाहीत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही, निदान डॉक्टरच करणार, पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि काय सांगायचं हे माहिती असेल तर वर्ष वाया जात नाही.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की दुर्बिणीचं ऑपरेशन चांगलं आहे, पण ते जांघेतल्या एकाच प्रकारच्या दुखण्यावरचं आहे. प्रकार चुकला तर ऑपरेशन कितीही सफाईने झालं तरी दुखणं तिथंच राहणार.

आधी प्रकार ओळखा

जांघ म्हणजे रस्सीखेचीचं मैदान समजा. मधे जघनाचं हाड, ज्याला डॉक्टर प्युबिक बोन म्हणतात. वरून पोटाचे सरळ स्नायू त्याला वर खेचतात, खालून मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू म्हणजे अॅडक्टर खाली खेचतात. आपण वेगात दिशा बदलतो, किक मारतो, पाय लांब टाकतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी एकदम ओढ बसते. त्या हाडाच्या जरा वर, बाहेरच्या अंगाला पोटाच्या भिंतीत एक बोगदा असतो, इंग्वायनल कॅनॉल, पुरुषांमध्ये अंडकोषाकडे जाणारी नळी आणि रक्तवाहिन्या त्यातून जातात. या बोगद्याची मागची भिंत मुळात पातळ. वर्षानुवर्षं ओढ बसून ती सैल पडली किंवा तिथल्या स्नायूची पट्टी फाटली की दुखायला लागतं, पण फुगा बाहेर येत नाही. म्हणजे नेहमीचा हर्निया नाही, तरी लोक त्याला स्पोर्ट्स हर्निया म्हणतात. लंडनचे सर्जन जेरी गिलमोर यांनी १९८० च्या सुमारास फुटबॉलपटूंमध्ये हे दाखवून दिलं, म्हणून गिलमोर ग्रॉइन असंही नाव आहे. पुढे ब्रिटिश हर्निया सोसायटीच्या तज्ज्ञांनी ठरवलं की हर्निया नाहीये तर हर्निया म्हणू नका, इंग्वायनल डिसरप्शन म्हणा. तुमच्या फाईलवर यातलं कुठलंही नाव दिसू शकतं, घाबरू नका, गोष्ट एकच.

नावांचा हा गोंधळ मिटवायला २०१४ मध्ये जगभरचे तज्ज्ञ कतारमधल्या दोह्याला बसले आणि त्यांनी खेळाडूंच्या जांघदुखीचे चार मुख्य प्रकार केले, अॅडक्टरचं, इलिओसोआसचं (मांडी वर उचलणारा समोरचा स्नायू), इंग्वायनल आणि प्युबिक. शिवाय खुब्याच्या सांध्यातून येणारं दुखणं वेगळं, आणि बाकीची कारणं वेगळी. मला ही विभागणी फार आवडते कारण ती मशीनवर नाही, बोटावर चालते. कुठे दाबल्यावर दुखतं आणि कुठली हालचाल अडवल्यावर दुखतं, एवढंच बघायचं.

घरी करून बघा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, दोन गुडघ्यांमध्ये मूठ किंवा छोटा फुटबॉल ठेवा आणि ५ सेकंद जोरात दाबा. मांडीच्या आतल्या बाजूला, अगदी वर, जिथे ती दोरीसारखी शीर (स्नायूचं हाडाला चिकटणारं टोक) हाताला लागते तिथे ओळखीचं दुखणं आलं तर अॅडक्टरचा संशय. फुटबॉलवाल्यांमध्ये हाच प्रकार सगळ्यात जास्त. आता उताणं झोपूनच गुडघा छातीकडे आणा आणि दुसऱ्याला हाताने अडवायला सांगा, मांडीच्या समोरच्या बाजूला दुखलं तर इलिओसोआस, उंच गुडघे करून पळणाऱ्या पोरांना हे होतं. बरोब्बर मधे, हाडाच्या जोडावरच दुखत असेल तर प्युबिक. आणि जांघेच्या घडीच्या वर, पोटाच्या खालच्या कोपऱ्यात, खोकल्यावर, शिंकल्यावर, उताणं झोपून पोट आवळून उठताना दुखत असेल, कधी कळ अंडकोषाकडे किंवा मांडीच्या आत उतरत असेल, तर इंग्वायनल. माझं हे होतं. दुर्बिणीचं जाळीवालं ऑपरेशन, म्हणजे छोट्या छिद्रांतून आत जाळी लावून भिंतीला आधार देणं, याच प्रकारासाठी आहे.

एकापेक्षा जास्त प्रकार एकत्र असणं अगदी कॉमन आहे, माझ्यातही अॅडक्टर थोडा होताच.

आणि हे प्रकार बघण्याआधीच काही गोष्टी बाजूला काढायला लागतात, इथे हयगय नको. अंडकोषात अचानक तीव्र कळ आणि मळमळ म्हणजे पीळ पडलेला असू शकतो, त्यात पहिल्या साधारण ६ तासांत ऑपरेशन झालं तर अंडकोष वाचण्याची शक्यता चांगली असते, म्हणून सकाळपर्यंत वाट बघायची नाही, आहे त्या कपड्यांत कॅज्युअल्टी गाठायची. जांघेत गाठ आली, आत ढकलली जात नाही, दुखतेय, उलट्या होतायत, तर तेही इमर्जन्सी. पळण्याचं प्रमाण एकदम वाढवलंय आणि एका पायावर उडी मारली की जांघेत खोल कळ येते, रात्रीही दुखतं, तर मांडीच्या हाडाच्या मानेला स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं, ते अंगावर काढलं तर हाड तुटतं. भरतीच्या पोरांनी हे विशेष लक्षात ठेवा, कारण दोन महिन्यांत शून्यावरून रोज दहा किलोमीटरवर जाणारी पोरं मी बघितलीयत. ताप, वजन उतरणं, रात्री घाम असेल तर टीबी तपासायलाच पाहिजे, आपल्याकडे मणक्याच्या टीबीचा पू खाली जांघेपर्यंत उतरतो. नुसतं अवधान (जांघेत सुजलेली गाठ) आलंय असं म्हणून आजी हळदीचा लेप लावते, पायाला जखम वगैरे असेल तर अवधान असेलही, पण आठवड्या-दोन आठवड्यांत उतरलं नाही तर दाखवा. मुलींमध्ये इंग्वायनल प्रकार कमी दिसतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत खुबा आणि पाळीशी संबंधित कारणं आधी बघावी लागतात, एंडोमेट्रिओसिसचं (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढण्याचा आजार) दुखणंही जांघेत येतं.

खुब्याचं एक उदाहरण सांगतो. आमच्या ग्रुपमधला एक २२ वर्षांचा पोरगा, कबड्डीत लेफ्ट कॉर्नर खेळायचा, त्याला दुसऱ्या गावात थेट जाळी टाकायची तारीख मिळालेली. मी त्याला मैदानातच मांडी घालून बसायला सांगितलं, तर डावा गुडघा जमिनीपासून वीतभर वर राहिला. दुखतं कुठे विचारलं तर त्याने बोट दाखवलंच नाही, अंगठा मागे आणि बाकीची बोटं पुढे असा सगळा खुबा हाताच्या सी आकारात धरला. गुडघा छातीकडे नेऊन आत वळवला की कळ. सांध्याच्या डॉक्टरांनी एक्सरे आणि एमआरआय केला तर खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा कमी झालेला निघाला, एव्हीएन म्हणतात त्याला. कोविडमध्ये त्याला स्टिरॉइड दिलेलं होतं. त्याच्या पोटात जाळी टाकून काय उपयोग झाला असता?

कोणाकडे जायचं, काय तपासायचं

आधी स्पोर्ट्स मेडिसिनवाले, हाडांचे डॉक्टर किंवा खेळाडू बघणारे चांगले फिजिओ, आणि मग हर्नियाची दुर्बिणीची ऑपरेशनं नियमित करणारे जनरल सर्जन. नाशिकमध्ये दुर्बिणीने हर्निया करणारे बरेच सर्जन आहेत, पण हर्निया करणं आणि खेळाडूची जांघ ओळखणं यात फरक आहे, म्हणून सरळ विचारा, डॉक्टर, गाठ नसलेली खेळाडूची जांघ तुम्ही किती वेळा ऑपरेट केलीय? चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही. गरज वाटली तर दुसरं मत घ्यायला मुंबई-पुण्याला जा, एक दिवस मोडतो पण जाळी आयुष्यभर आत राहते.

तपासताना डॉक्टरांनी बोटाने बोगद्याचं बाहेरचं तोंड तपासलं पाहिजे, उभं करून खोकायला लावलं पाहिजे. लाजू नका, आणि तपासलंच नाही तर आपणहून सांगा. ब्रिटिश तज्ज्ञांनी पाच खुणा दिल्यात, त्यातल्या निदान तीन असाव्यात असं म्हटलंय: हाडाच्या टोकाला स्नायूची पट्टी चिकटते तिथे बोटभर जागेत दुखणं, बोगद्याच्या आतल्या तोंडावर दुखणं, बाहेरचं तोंड दुखणं किंवा रुंद झालेलं असणं पण हर्निया नसणं, अॅडक्टरच्या मुळाशी दुखणं, आणि जांघेत पसरलेलं, मांडीत किंवा दुसऱ्या बाजूला जाणारं बोथट दुखणं.

मग एक्सरे, खुबा बघायला. एमआरआय, हाडाची सूज, अॅडक्टर आणि बाकीचं बघायला. सोनोग्राफी करायची तर डायनॅमिक, म्हणजे प्रोब ठेवून जोर लावायला सांगतात आणि भिंत हलते का बघतात. पण एक लक्षात ठेवा, रोज खेळणाऱ्या ज्या पोरांना काहीही दुखत नाही त्यांच्याही एमआरआयमध्ये हाडाला सूज दिसते, त्यांचीही भिंत सोनोग्राफीत फुगते. रिपोर्ट आणि बोटाखालचं दुखणं जुळलं तरच अर्थ आहे. रिपोर्टचं ऑपरेशन करायचं नसतं.

आधी तीन महिने, मनापासून

इथे मी चुकलो. आराम म्हणजे उपचार असं समजत होतो, तीन आठवडे बसायचो, बरं वाटायचं, मॅटवर उतरलो की पहिल्याच दिवशी परत तेच. आरामाने दुखणं झोपतं, ताकद येत नाही.

डेन्मार्कच्या होल्मिच यांनी १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला अभ्यास आहे, ६८ खेळाडू, सगळे जुन्या अॅडक्टरच्या दुखण्याचे. अर्ध्यांना मशीनची शेक, मसाज, ताण असली नेहमीची फिजिओ, अर्ध्यांना स्वतः जोर लावायचे व्यायाम, ८ ते १२ आठवडे. व्यायामवाल्यांपैकी २३ जण न दुखता पूर्वीसारखे खेळायला लागले, शेकवाल्यांपैकी फक्त ४. म्हणून क्लिनिकमध्ये रोज नुसतं मशीन लावून घरी पाठवत असतील तर तुमचे पैसे आणि महिने दोन्ही जातायत.

काय करायचं: उताणं झोपून पाय सरळ, दोन पावलांमध्ये फुटबॉल, ३० सेकंद दाबायचा, असं १० वेळा. मग गुडघे वाकवून गुडघ्यांमध्ये फुटबॉल, तेच. पहिले दोन आठवडे एवढंच आणि पोटाचे हलके व्यायाम. मग रबर बँडने पाय आत ओढणं, एका पायावर तोल, आणि पुढे कोपनहेगन प्लँक: कुशीवर, वरचा पाय बाकावर किंवा जोडीदाराच्या हातात, खालचा पाय हवेत, आणि वरच्या पायाच्या आतल्या मांडीच्या जोरावर कंबर उचलायची. आमच्याकडे दोघं दोघं जोडी लावून करतात, पाय धरणाऱ्याने गुडघ्याखाली आणि घोट्याला दोन्हीकडे आधार द्यायचा. सुरुवातीला ३-४ सुद्धा जड जातात. आतल्या मांडीला जोरजोरात ताणत बसू नका, चिडलेला स्नायू ताणून अजून चिडतो, आणि पाय फाकवून त्यावर दुसऱ्याला उभं करायची आपल्याकडे जी पद्धत आहे ना, ती तर पूर्ण बंद.

रोजचं मोजमाप म्हणून पाच सेकंदांची दाब चाचणी करा, पाय सरळ, दोन घोट्यांच्या मधे जोडीदाराचा हात, एका बाजूला मूठ आणि दुसऱ्या बाजूला कोपर, पूर्ण जोर, आणि दुखण्याला ० ते १० पैकी मार्क द्या. ० ते २ हिरवा, खेळा. ३ ते ५ पिवळा, कमी करा आणि फिजिओशी बोला. ६ आणि त्याच्या वर लाल, आज खेळ बंद. माझ्या पोरांकडून मी हे आठवड्याला वहीत लिहून घेतो.

ऑपरेशन कधी

तीन महिने नीट व्यायाम करून, खुबा आणि बाकी सगळं तपासून झाल्यावरही इंग्वायनल प्रकारचं दुखणं खेळू देत नसेल तेव्हा. फिनलंडमध्ये पायानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ६० रुग्णांचा अभ्यास छापला, सगळे किमान तीन महिने दुखणारे, ३० जणांचं दुर्बिणीने जाळी टाकून ऑपरेशन आणि ३० जणांना व्यायाम, औषधं, इंजेक्शन. तीन महिन्यांत ऑपरेशनवाल्यांपैकी ९० टक्के खेळायला लागले, दुसऱ्या गटातले २७ टक्के. वर्षाने ९७ टक्के आणि ५० टक्के. आकडे जबरदस्त आहेत, पण त्यात नीट पारखून घेतलेले रुग्ण होते हे विसरू नका, आणि दुसरी बाजूही बघा, ऑपरेशन न करता निम्मे वर्षभरात खेळायला लागलेच की. घाई नसेल, मोठी स्पर्धा समोर नसेल, तर अजून थांबून बघणं हा काही भित्रेपणा नाही.

नक्की काय करतात ते सांगतो. आपल्याकडे जास्त करून टीईपी किंवा टॅप. दोन्ही पूर्ण भूल देऊन. बेंबीजवळ साधारण १० मिलिमीटरचं एक छिद्र आणि खाली दोन ५ मिलिमीटरची. टीईपीमध्ये पोटाच्या पडद्याच्या आत जातच नाहीत, स्नायू आणि पडदा यांच्यामधली जागा कार्बन डायऑक्साइडने फुगवतात आणि तिथे जाळी पसरतात. टॅपमध्ये पोटात जाऊन पडदा उघडतात, जाळी लावतात, पडदा परत शिवतात. जाळी साधारण १० बाय १५ सेंटीमीटरची, पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे जवळपास तळहातापेक्षा मोठीच, आणि ती हाडाच्या मागून सैल भिंतीला आतून आधार देते, फाटक्या खिशाला आतून अस्तर लावतो तसं. दोन्ही बाजूंनी दुखत असेल तर त्याच छिद्रांतून दोन्हीकडे करता येतं, हा दुर्बिणीचा मोठा फायदा. जर्मनीच्या मुशावेक यांची एक वेगळी पद्धत आहे, छोटा काप देऊन जाळीशिवाय भिंत शिवतात, ती आणि टीईपी समोरासमोर ठेवून बघितल्या तेव्हा दोन्ही जवळपास सारख्याच ठरल्या. त्यामुळे पद्धतीच्या नावापेक्षा हात कोणाचा सरावलेला आहे ते बघा. अॅडक्टर फार ताठ असेल तर काही सर्जन त्याची शीर थोडी सैल करतात, ते करणार आहेत का हे आधी विचारा, कारण मग परत यायला जास्त वेळ लागतो.

धोके तोंडावर विचारायचे. रक्त साकळणं, पाणी जमणं, लघवी अडकणं, जंतुसंसर्ग हे कमी प्रमाणात होतं. जुनाट दुखणं ऑपरेशननंतरही राहू शकतं किंवा नवीन लागू शकतं. अंडकोषाच्या रक्तवाहिन्या आणि शुक्रनळी तिथूनच जातात, त्यांना इजा होणं दुर्मीळ, पण शून्य नाही. लग्न व्हायचंय म्हणून हे विचारायला लाजतात पोरं, विचारा बिनधास्त. आणि कधी कधी दुर्बिणीने जमलं नाही तर उघडं ऑपरेशन करावं लागतं, सही करताना ते लिहिलेलं असतं.

पैशांचं बोलायचं तर पॅकेजमध्ये जाळी, ती पक्की करायची टाचणी किंवा ग्लू, भूलतज्ज्ञ आणि औषधं धरलीयत का हे लिहून घ्या, जाळीचं बिल नंतर वेगळं आलं की घरचे हबकतात. बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसींमध्ये हर्नियाला २ वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड असतो, ते आधी तपासा. रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत काय बसतं हे त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटून विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

तयारी आणि तो दिवस

तंबाखू, मावा, सिगारेट किमान महिनाभर आधी बंद, जखम भरायला आणि भूल द्यायला दोन्हीकडे त्रास होतो. खोकला-सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला, खोकत खोकत ऑपरेशन टेबलावर जाऊन उपयोग नाही, डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी माहितीये आपल्याला. ऑपरेशनआधी ६ तास खाणं बंद, साधं पाणी साधारण २ तास आधीपर्यंत, पण तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तेच खरं. चालू असलेली प्रत्येक गोळी सांगा, जिममधले सप्लिमेंटसुद्धा. ज्या जागी दुखतं तिथे जागेपणी डॉक्टरांकडून पेनाने खूण करून घ्या. घरी पलंगाची सोय करा, सतरंजीवरून उठणं पहिले चार दिवस फार जड जातं.

जाग आल्यावर मला पोटापेक्षा उजवा खांदा दुखत होता. कोणी सांगितलं नव्हतं म्हणून घाबरलो. तो आत भरलेल्या गॅसचा परिणाम, दोनेक दिवसांत जातो. त्याच संध्याकाळी नर्सबाईंनी उभं केलं, कॉरिडॉरमध्ये भिंत धरून चाललो, आणि लघवी झाल्याशिवाय त्यांनी घरी सोडायचं नाव घेतलं नाही, तेच बरोबर. घरी जाताना रिक्षा नको, गाडी करा, आणि पोटावर उशी धरून बसा, प्रत्येक स्पीडब्रेकरला ती उशी आठवेल. मुंबईला ऑपरेशन केलं असेल तर एक रात्र तिथेच राहा, टाके ताजे असताना कसारा घाट नको.

पुढचे आठवडे

उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताने ढकलून उठायचं. आईला सांगून ठेवा, हात धरून ओढू नको म्हणावं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडकोष आणि त्याच्या मुळाशी निळं-जांभळं दिसू शकतं, खाली उतरलेलं रक्त असतं, ओसरतं. पण सूज वाढत चालली, ताप आला, टाक्यातून पू आला, लघवी होत नाही, उलट्या होतायत किंवा पोट फुगलं, तर लगेच डॉक्टर. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, पेनकिलरने होतं, भरपूर पाणी, पपई, इसबगोल, जोर करायचा नाही.

पहिला आठवडा चालणं, रोज थोडं वाढवत. मी जॉगिंग ट्रॅकवर पहिल्या दिवशी अर्धी फेरी मारली आणि बाकावर बसलो, सहाव्या दिवशी चार फेऱ्या झाल्या. दुसऱ्या आठवड्यात टाके सुकल्यावर स्थिर सायकल, आणि गुडघ्यांमध्ये उशी ठेवून हलकं दाबणं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सरळ रेषेत हळू पळणं, आणि पांडवलेणीच्या पायऱ्या चालत चढणं-उतरणं, पळत नाही. चार ते सहा आठवड्यांत वेग, मग दिशा बदलणं, मग किक किंवा लांब पाय. कबड्डीवाल्यांनी पकडीचा सराव सगळ्यात शेवटी घ्यायचा, कारण पकडीत तुमचा पाय कुठे जाईल हे तुमच्या हातात नसतं. सहा ते बारा आठवड्यांत बहुतेक जण मॅचला उभे राहतात, मला दहा लागले. कॅलेंडर बघून पुढच्या पायरीवर जाऊ नका, दाब चाचणी हिरवी, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नाही, आणि दोन्ही पायांची ताकद जवळजवळ सारखी, हे तीन जुळलं की पुढे. एखादा दिवस ओढल्यासारखं होईल, जाळीभोवती पेशी भरत असतात, त्याने खचू नका, एक पायरी मागे या आणि दोन दिवसांनी परत चढा.

स्पर्धेत डोप टेस्ट होणाऱ्यांनी एक बघा. ऑपरेशननंतर सर्रास दिलं जाणारं ट्रॅमाडॉल हे पेनकिलर १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंदीत आहे, आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन, मग ते जांघेत दिलेलं का असेना, २०२२ पासून स्पर्धेच्या काळात बंदीत आहे. डॉक्टरांना आधीच सांगा मी खेळाडू आहे, पर्यायी औषध असतं, आणि घ्यावंच लागलं तर औषधाचं नाव, तारीख लिहून ठेवा आणि परवानगीचा अर्ज करा.

मॅच खेळायला लागल्यावर व्यायाम सोडायचे नाहीत. नॉर्वेत सेमी-प्रोफेशनल फुटबॉल टीमनी सीझनभर कोपनहेगनचा व्यायाम केला, २०१९ मध्ये निकाल छापले, जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी. आमच्याकडे सीझनआधी आठवड्याला तीनदा आणि सीझनमध्ये एकदा, वॉर्मअपनंतर लगेच, सगळे करतात, ज्याला दुखत नाही तोही.

तीन महिने उलटूनही दुखणं जसंच्या तसं असेल तर त्याच सर्जनकडे परत जा, आणि खुबा व अॅडक्टर नव्याने तपासून घ्या. त्यासाठी ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड, एमआरआयची सीडी आणि जाळीच्या पाकिटावरचं स्टिकर एका फाईलमध्ये ठेवा. ते स्टिकर मागितल्याशिवाय बऱ्याचदा मिळत नाही, डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या.